नानी ‘मयत’ लिहिलेल्या अर्जावर सही करत नाही, काय करू?

जोगेश्वरीची_नात: माझा मामू जानेवारी 1993 मध्ये, मुंबईच्या दंगलीत, घरातून निघाला तो आलाच नाही. मिसिंग कम्प्लेंट केलेली आहे, पण भरपाईचे पैसे कधी मिळाले नाहीत. आता मी कागद जमवतेय. एका कचेरीत सांगितलं, आधी मयत दाखवा. नानी 84 वर्षांची आहे, अजून रेशनकार्डावरून मामूचं नाव कमी करू देत नाही. सही करावीच लागेल का?

जुना_कारकून: ताई, 4 नोव्हेंबर 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढा. त्या दंगलीतले 168 बेपत्ता, पैकी 60 जणांच्याच घरी दोन लाख पोचले होते. उरलेल्या 108 जणांचे वारस शोधा, कागद अपुरे असतील तर पुरे करायला मदत करा, असा हुकूम आहे. दोन लाखांवर 22 जानेवारी 1999 पासून 9 टक्के व्याज, म्हणजे वर्षाला 18,000. देखरेखीला राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांची समिती नेमली होती; तिथेच विचारा.

आता ‘मयत’चं. सात वर्षं माणसाची खबर नसली की कायदा तो मेला असं मानतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108 होतं, नव्या कायद्यात 111. पण कधी मेला, कसा मेला, कोणी मारला, यातलं काहीच ते कलम मानत नाही. आणि आजींना हे जरूर सांगा: निकालात भरपाईचं कारण सरकार कायदा-सुव्यवस्था राखू शकलं नाही, हे दिलंय.

ठाकुरद्वारचा_बंड्या: माझे वडील आणीबाणीत दीड महिना आत होते. 2018 पासून महिना 10,000 मानधन. 2019 ला सरकार बदललं, 2020 ला बंद. 2022 ला पुन्हा बदललं, चालू. 2025 ला दुप्पट. आमच्याकडे जेलचा दाखला होता ना! तुमच्या मामूंना ज्यांनी नेलं ते कसला दाखला देणार?

सदाशिव_दादरकर: या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत मोजले. पण 1952 च्या चौकशी आयोग कायद्यात अहवाल सरकारवर बंधनकारक नाही. त्याच 2022 च्या ऑक्टोबरात स्पेनने तिथल्या यादवी युद्धातले आणि हुकूमशहा फ्रँकोच्या काळातले बेपत्ता शोधणं ही सरकारचीच जबाबदारी, असा कायदा केला. आपल्याकडे वारसांनी झेरॉक्स काढत फिरायचं.

जोगेश्वरीची_नात: कारकूनकाका, नानीला वाचून दाखवलं. ‘कायदा मानतो’ ऐकून म्हणाली, “त्याला मानायचं तर मानू दे. मी कशाला मानू?” व्याजाचं तिने विचारलंच नाही. सरकारचं कारण मात्र दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाली, “हे वर लिही, मयत खाली लिही, मग बघते.”

अर्जात असा क्रम चालेल का? कम्प्लेंटची शाई पार उडालीय, झेरॉक्सवाला म्हणतो डार्क करून बघतो. सोमवारी जातेय.

जुना_कारकून: चालेल. जोडपत्र लावा. आणि मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका.