मदत हवी आहे: बेने इस्रायल कीर्तनांच्या चाली

नमस्कार मंडळी,
बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या मराठी कीर्तनांच्या चाली शोधतेय. १८८० च्या सुमारास मुंबईत ही कीर्तनं सुरू झाली. आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं, पण साकी, दिंडी सगळं आपल्या हरिकीर्तनातलं! माझ्याकडच्या जीर्ण पुस्तिकेत पदांवर नुसतं 'चाल' म्हणून जुन्या गाण्याची पहिली ओळ दिलीय, आणि ती गाणीच आता घरात कुणाला आठवत नाहीत.

इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना इथे आपल्या कोकणातून गेलेली कुटुंबं आहेत. कुणाची तिथे ओळख आहे का? घरगुती कॅसेट, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, एखाद्या आजींनी गुणगुणलेल्या दोन ओळीसुद्धा चालतील. मलिद्याच्या (या समाजातल्या नवस-आभाराच्या विधीच्या) वेळची एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची मराठी गाणी मिळाली तर फारच बरं. मुलींच्या गटाकडून बसवून घ्यायचीत, म्हणून स्वर नीट कळायला हवेत.