'मिडनाइट मास' शेवटी? नाही पटत

अमेरिकी दिग्दर्शक माइक फ्लॅनगनच्या नेटफ्लिक्सवरच्या पाच भयमालिकांची क्रमवारी लावताना तुम्ही 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' पहिली ठेवलीत आणि 'मिडनाइट मास' संथ म्हणून शेवटची. मला हे अजिबात पटलं नाही.

माझ्याकडे 'मिडनाइट मास' (२०२१) सर्वांत वर. सातच भाग, एक छोटं बेट, एक चर्च, ये-जा फेरीबोटीने. मी गोव्याचा, तिथल्या दिवाडी बेटावर फेरीबोटीनेच जातो. शेवटची बोट गेली की काठावर कशी शांतता पसरते ते ठाऊक असल्यामुळे असेल, पण वादळानंतर किनाऱ्यावर मेलेल्या मांजरांचा खच दिसतो तिथे पोटात गोळाच आला. आणि हॅमिश लिंकलेटरने साकारलेला, त्या चर्चमध्ये आलेला धर्मगुरू फादर पॉल! तो खोटं बोलतोय असं एकदाही वाटत नाही. त्याची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच भीती वाटते. लांबलचक संवाद तुम्हाला खटकले, पण त्या संवादांतच गाव हळूहळू कसं भुलत जातं ते दिसतं.

'हिल हाउस' (२०१८) दुसरी. सहाव्या भागातले ते न तुटणारे लांब शॉट मी तीनदा पाहिले. शवपेटीभोवती भावंडं भांडतायत आणि कॅमेरा नुसता फिरतोय. अंत्यविधीला जमलेलं कुठलंही घर आठवावं.

मग 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर', 'द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर'. 'मिडनाइट क्लब' शेवटी. मुलांनी सांगितलेल्या गोष्टींत मूळ कथा विरून जाते.

'मिडनाइट मास' पुन्हा बघा, पावसाळ्यात, एकदम दोन भागांहून जास्त नको.