मदत हवी आहे: 'जायंट स्टेप्स'मध्ये सोलो कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, मूळचा पेटीवाला, त्यामुळे एकच सा डोक्यात बसलेला. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स' या रचनेत (१९६०) सोलो (म्हणजे कॉर्ड्सवर स्वतः सुचेल तसं वाजवणं) करताना अडकलोय. १६ बारांत (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) सा नुसता बी, जी, ई फ्लॅट असा फिरत राहतो. पहिल्या तीन बारांतच तिन्ही येऊन जातात!

कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) पाठ आहेत. टेम्पो मिनिटाला १०० मात्रांवर आणून प्रत्येक कॉर्डवर सा-रे-ग-प लावून पाहिलं, पण सोलो कसला, पलटे वाटतात. स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, सुरांची नावं चालतील.

बी मेजर सेव्हन आणि जी मेजर सेव्हन या कॉर्ड्समध्ये बी, एफ शार्प हे सूर सामाईक आहेत, हे कळलं. पण त्यांच्या मधल्या डी सेव्हन कॉर्डवर एफ शार्पच धरून ठेवू, की सी घेऊन पुढच्या बारात बी वर उतरू?