ग्राफिक्स कार्डांची अदलाबदल केली, आता ओव्हरक्लॉक ठेवायचं की काढायचं?

जळगावकर
राम राम मंडळी. भुसावळच्या चुलतभावाचं आरटीएक्स ३०८० मी घेतलं, माझं ३०६० टीआय त्याला दिलं. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचेच ओव्हरक्लॉकचे, म्हणजे कंपनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाचे आकडे टाकले. गेम सुरू होताना एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) झकास, पण वीसेक मिनिटांत घसरतात आणि चित्र अडखळायला लागतं. माझं मत स्पष्ट आहे. कार्डाने घर बदललं की ओव्हरक्लॉक काढायचं, आणि खानदेशात होळीपासून मृगापर्यंत लावायचंच नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. कार्डाचे पंखे खोलीतलीच हवा ओढणार. ती दहा अंशांनी तापली तर कार्डही जवळपास तेवढंच चढणार.

तापीकाठ
नाही पटलं भो. भुसावळचं ऊन काय कमी आहे? तिथे याच आकड्यांवर हेच कार्ड चालत होतं ना? मग बदललं काय, तर कॅबिनेट आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). ३०६० टीआय २०० वॅट खातं, ३०८० खातं ३२०. एनव्हिडिया त्याला ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते. एकाच वायरीच्या दोन फाट्यांवर कार्ड चालवत असशील तर आधी दोन वेगळ्या वायरी ओढ. उन्हावर खापर फोडणं सोपं असतं.

जळगावकर
एसएमपीएस ७५० चाच आहे, वायरीही वेगळ्या आहेत. आणि पॉवर कमी पडली तर पीसी झटकन बंद पडेल किंवा स्क्रीन काळी होईल. असं हळूहळू घसरणार नाही.

पांझरा
दोघेही मेमरी विसरताय. ३०८० वर जीडीडीआर६एक्स जातीची मेमरी आहे आणि ती भयंकर तापते. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, ‘मेमरी जंक्शन’ची, म्हणजे मेमरी चिपच्या आतल्या तापमानाची ओळ बघा. ११० अंशांना कार्ड स्वतःच वेग कमी करतं. जीपीयूचं (कार्डाच्या मुख्य चिपचं) तापमान ७५ दिसलं की लोक निश्चिंत होतात, तिथेच फसगत होते. दुसरं म्हणजे, या मेमरीला चूक सापडली की ती डेटा परत पाठवते. त्यामुळे मेमरी जास्त ताणली तर गेम क्रॅश न होता एफपीएसच कमी होतात. जळगावकर भाऊ, मेमरी स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ वेगावर आणा, कोअर (जीपीयूचा वेग) आहे तसा राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

जळगावकर
ताई, बघितलं. जीपीयू ७६, मेमरी ११०. मेमरी स्टॉकवर आणल्यावर १०४ वर थांबली, एफपीएसही टिकले. म्हणजे ओव्हरक्लॉक काढायचं हेच खरं ठरलं.

तापीकाठ
अर्धंच ठरलं. स्टॉकवर १०४ हे चांगलं लक्षण नाही भाऊ. थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळले असतील, नाहीतर कॅबिनेटमधून गरम हवा बाहेर जात नसेल. बाजूचं झाकण काढून तोच गेम खेळ. आकडा बराच उतरला तर दोष हवेचा. नाही उतरला तर पॅड बदल, मग तुझा भाऊ खेळायचा तसा तूही भर मे महिन्यात खेळशील. पाण्याचा कूलर मात्र कॅबिनेटच्या तोंडाशी लावू नको, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत ओली धूळ चिकटून बसते.

पांझरा
पॅडबाबत घाई नको. जाडी चुकली तर हीटसिंक चिपवर नीट बसतच नाही आणि जीपीयूच तापतो. प्रत्येक कंपनीच्या मॉडेलला जाडी वेगळी लागते. कार्डाच्या मागचं लेबल वाचून पूर्ण मॉडेल नंबर टाका, मग सांगते.