डायलिसिसच्या रुग्णांमधील हिपॅटायटिस सी विषाणूचे प्रकार कोणत्या पद्धतीने ओळखावेत?

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, रत्नागिरी

नमस्कार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांमध्ये हिपॅटायटिस सीचे कोणते जीनोटाइप (विषाणूचे जनुकीय प्रकार) आढळतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्याकडे रिअल टाइम पीसीआरचे (विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून ते ओळखणारे) यंत्र आहे; सिक्वेन्सिंगसाठी (जनुकीय अक्षरांचा क्रम थेट वाचण्यासाठी) मात्र नमुने घाटावर पाठवावे लागतील. तयार किट पुरेसे आहे, लाइन प्रोब पद्धत (पट्टीवर उमटणाऱ्या रेषांवरून प्रकार ओळखणारी) घ्यावी, की सिक्वेन्सिंगच करावे? शिवाय एखाद्या केंद्रातील सगळ्या बाधितांमध्ये एकच प्रकार निघाला, तर संसर्ग तिथेच पसरला असे म्हणता येईल का?

उत्तर : विषाणू प्रयोगशाळा, पुणे

आधी एक गोष्ट नक्की करा. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये अँटीबॉडी उशिरा तयार होतात, काहींत आढळतही नाहीत. उलट ज्यांचा संसर्ग आपोआप बरा झाला आहे त्यांच्या रक्तात त्या वर्षानुवर्षे राहतात. म्हणून केवळ अँटीबॉडी चाचणीवर न थांबता सर्वांचीच आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) चाचणी करावी आणि प्रकार ओळखण्यासाठी आरएनए पॉझिटिव्ह नमुनेच घ्यावेत.

आता पद्धतीविषयी. या विषाणूचा जीनोम (संपूर्ण जनुकीय द्रव्य) सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा (जनुकीय अक्षरांचा) आहे आणि दोन जीनोटाइपांमध्ये साधारण ३० टक्के फरक असतो, पण हा फरक सर्वत्र सारखा विखुरलेला नसतो. बरीच किटे आणि जुन्या लाइन प्रोब पट्ट्या ज्या पाच-प्राइम यूटीआर (जीनोमच्या सुरुवातीच्या, प्रथिन न बनवणाऱ्या) भागावर बेतलेल्या आहेत, तो भाग फारसा बदलत नाही. त्यामुळेच तो विषाणू शोधायला उत्तम आणि उपप्रकार ठरवायला अपुरा आहे. प्रकार ३ आणि प्रकार १ त्यावरून नीट वेगळे होतात. परंतु १ए आणि १बी या प्रकार १ च्या उपप्रकारांत गफलत होते, आणि प्रकार ६ चे काही उपप्रकार चक्क प्रकार १ म्हणून नोंदले जातात. नव्या पट्ट्यांमध्ये कोअर (विषाणूच्या गाभ्याचे प्रथिन बनवणारा) भाग जोडल्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

प्रबंधासाठी माझे स्पष्ट मत सिक्वेन्सिंगच्या बाजूने आहे. एनएस५बी (विषाणूच्या प्रती काढणारे प्रथिन बनवणारा) भाग वाचावा, आणि शक्य तिथे कोअर-ई१ (गाभा आणि बाह्य आवरण यांची प्रथिने बनवणारा) भागही. दोन भाग घेण्याचे कारण असे की, सेंट पीटर्सबर्गमध्ये सापडलेल्या २के/१बी या संकरित विषाणूचा एक भाग एका प्रकाराचा आणि दुसरा भाग दुसऱ्या प्रकाराचा होता. एकच भाग वाचला असता तर तो ओळखूच आला नसता. प्रकार ८ ची नोंद २०१८ साली झाली, तीही मूळच्या पंजाबमधील रुग्णांच्या नमुन्यांतून, आणि सिक्वेन्सिंगमुळेच. भारतात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो, हे गृहीत धरून किटाच्या निकालावर समाधान मानू नये.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर याच कारणाने ‘नाही’ असे आहे. सगळ्यांना ३ए निघाला, तर तो बाहेरही सर्रास आढळणारा प्रकार आहे. संसर्गाचा उगम एकच आहे का हे पाहायचे, तर ई२ या आवरणाच्या जनुकातील वेगाने बदलणारा एचव्हीआर१ भाग वाचून, त्याच जिल्ह्यातील पण त्या केंद्राशी संबंध नसलेल्या रुग्णांच्या नमुन्यांसह वंशवृक्ष (विषाणूंमधील जनुकीय जवळीक दाखवणारा आलेख) काढावा लागतो.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, सिंधुदुर्ग

वरील विवेचनाशी सहमत आहे. नमुन्यांबाबत थोडी भर घालतो. डायलिसिस सुरू करताना रुग्णाला हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) दिले जाते आणि हेपॅरिनमुळे पीसीआरमध्ये अडथळा येतो, त्यामुळे रक्त हेपॅरिन देण्यापूर्वी आणि ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या) जांभळ्या टोपणाच्या नळीतच घ्यावे. प्लाझ्मा त्याच दिवशी स्थानिक पातळीवर वेगळा करून, दोन लहान कुप्यांत भरून गोठवावा. एक कुपी पाठवावी, एक स्वतःकडे ठेवावी. पावसाळ्यात दरड कोसळून करूळ किंवा आंबा घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो, तेव्हा अख्खे रक्त पाठवून ते वाटेत अडकू देऊ नये. वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांची कार्डे सोयीची खरी, पण जुलैच्या दमट हवेत ती लवकर वाळत नाहीत. वापरायचीच असतील तर पूर्ण वाळवून, आर्द्रता शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावीत.

एक कळकळीची विनंती आहे. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत उपचार मोफत मिळतात, आणि सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिर हे औषध सर्व प्रकारांवर चालते. जीनोटाइपच्या अहवालासाठी कोणाचेही उपचार थांबवू नका. नमुना मात्र पहिल्या गोळीच्या आधी घ्या, कारण उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रक्तातील आरएनए सापडेनासा होतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हेपॅरिनचा मुद्दा आमच्या आराखड्यात नव्हता, तो घेते. एकाच रुग्णात दोन प्रकार असतील तर ते सिक्वेन्सिंगमध्ये कळतील का?

उत्तर : विषाणू प्रयोगशाळा, पुणे

सिक्वेन्सिंगच्या नेहमीच्या सँगर पद्धतीत सहसा प्रबळ असलेला प्रकारच दिसतो. अल्प प्रमाणातील दुसरा प्रकार शोधायचा तर नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग (असंख्य तुकडे एकाच वेळी वाचणारी पद्धत) लागेल. ते खर्चिक आहे, म्हणून ज्यांचा किटाचा आणि सँगरचा निकाल जुळत नाही अशाच नमुन्यांसाठी राखून ठेवावे. आणि प्रत्येक रुग्णाचे डायलिसिसचे यंत्र, पाळी (शिफ्ट), यापूर्वीची डायलिसिस केंद्रे आणि रक्त चढवल्याच्या तारखा आत्ताच नोंदवा. या नोंदींशिवाय वंशवृक्षातील जवळीक दिसेल, पण संसर्ग कुठून कुठे गेला ते सांगता येणार नाही.