घरात पाणी सांडलं की तुम्ही काय करता? अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठले. बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं, ते अंधारात कळलं नाही. चार घोट पाणी सांडलं असेल. पहाटे सासूबाई त्यावरूनच घसरल्या. नशिबाने हाताला सोफा लागला आणि नुसत्या खाली बसल्या, पण दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

म्हणून हा धागा. युक्त्या, फजित्या, झालेलं नुकसान, सगळं येऊ द्या. 'फडक्याने पुसते' एवढंच सांगायचं असेल तरी फडकं कसलं ते लिहा. माझं नवंकोरं फडकं पाणी पुसत नाही, इकडचं तिकडे ढकलतं.

* * *

ताई, फडकं नवं आहे हेच त्याचं दुखणं. नव्या सुती कापडाला खळ असते, ती धुऊन जाईपर्यंत ते पाणी पीत नाही. जुना पंचा किंवा विरलेला बनियन घ्या. दुसरं म्हणजे कपडे मऊ करायचं ते सुवासिक द्रव फडक्यांना लावू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि शोषण कमी होतं. आणि फडकं ठक्क कोरडं टाकण्यापेक्षा एकदा भिजवून घट्ट पिळून टाका, पाणी लवकर ओढतं. पुसताना कडेकडून मध्ये या. मधून सुरुवात केलीत की डबकं अजून पसरतं.

* * *

आमच्याकडे वॉशिंग मशीनचा सांडपाण्याचा पाइप मोरीच्या जाळीतून उडाला. मी शेजारच्या खोलीत फोनवर. पाय ओले झाले तेव्हा कळलं.

त्या दिवशी केलेला हिशोब अजून डोक्यात आहे. 1 लिटर पाणी 1 मिलिमीटर जाडीने पसरलं तर 1 चौरस मीटर जागा व्यापतं. म्हणजे 15 लिटरची एक बादली लवंडली तरी बऱ्यापैकी मोठी खोली ओली होते. अशा वेळी फडकं हातात घेऊन बसण्यात अर्थ नाही. आधी वायपरने मोरीकडे ओढा, मग पुसा. एक गोष्ट मात्र आम्ही विसरलो. कपाटाखाली गेलेलं पाणी तसंच राहिलं. पंधरवड्याने वास यायला लागला, तोवर प्लायवूडचा तळ फुगून दार लागेनासं झालं होतं.

* * *

वायपरवाल्यांना एक विनंती. वायपर मारल्यावर फरशी कोरडी दिसते, असते असं नाही. गुळगुळीत टाइलवर पातळ पापुद्रा उरतोच आणि तो उजेडाशिवाय दिसत नाही. डबकं दिसलं तर माणूस वळसा घालून जातो. मी आपटले ते 'पुसून झालेल्या' जागेवर. साबणाचं पाणी असेल तर आधी साध्या पाण्याने पुसून घ्या, मग कोरडं करा.

* * *

जरा गंभीर लिहितो. आमचा एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर होता आणि बादली त्याच दिशेने लवंडली. बायको प्लग काढायला धावली, मी ओरडून थांबवलं. पाण्यात पाय ठेवून प्लगला हात लावायचा नाही. आधी कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करायचा, मगच पुसापुशी. मेन स्विचपर्यंत जायची वाटच ओली असेल तर बाहेर पडून जाणकाराला बोलवा. घरात गळतीचा विद्युतप्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर आहे का तेही बघून ठेवा. आमच्याकडे नव्हता. आता आहे, आणि बोर्ड भिंतीवर गेलाय.

* * *

पाणी गेलं होतं तेव्हा नळ उघडा राहिला, आम्ही बाहेर गेलो आणि मागून पाणी आलं. याहून जास्त लिहवत नाही. खालच्या घरच्या काकू अजून छताकडे बघत बघत बोलतात.

* * *

आमच्या घरातला आरोपी निर्दोष निघाला, ते सांगायलाच हवं. तीन आठवडे रोज सकाळी फ्रीजपुढे थारोळं. रोज मुलाला बोलणी. तो बिचारा शपथा घेतोय आणि आम्ही 'मग पाणी काय आपोआप येतं का' म्हणतोय.

आपोआपच येत होतं. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीशी एक बारीक भोक असतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून खाली मागच्या ताटलीत जातं आणि तिथे कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळतं. ते भोक कचऱ्याने बुजलं की पाणी भाज्यांच्या खणाखाली साचतं आणि दारातून बाहेर येतं. कोमट पाणी सोडून मऊ नळीने भोक मोकळं केलं. चिरंजीवांनी माफी लेखी मागून घेतली.

* * *

वरच्यात भर: कधीकधी पाणी कुणी सांडलेलंही नसतं आणि गळतही नसतं. फरशी गार आणि बाहेरची हवा दमट, उबदार असली की गार तांब्याला घाम फुटतो तसा फरशीला फुटतो. पुसून पाच मिनिटांत परत. तेव्हा खिडक्या उघडू नका, दमट हवा आणखी आत येते.

* * *

काचेचा ग्लास फुटून सांडलं असेल तर हाताने पुसू नका. पाण्यात काच दिसत नाही. मोठे तुकडे जाड हातमोजे घालून उचला आणि बाकीचं ओल्या कागदाच्या जाड बोळ्याने टिपा. तो बोळा फेकून द्या. फडकं वापरलंत तर तेही. मी धुऊन पुन्हा वापरलं, बोट दाखवू का?

* * *

लाकडी फ्लोअरिंगवाल्यांना पाच मिनिटांचीसुद्धा सवलत नाही. लॅमिनेटच्या सांध्यांत पाणी मुरलं की कडा वर उचलतात आणि वाळल्यावरही बसत नाहीत. आम्ही त्यावर गालिचा टाकलाय. पाहुणे विचारतात, इथे मधोमध कशाला?

* * *

सगळ्यांचे आभार. पंचा सापडला, एक्स्टेंशन बोर्ड आजच हलवला. सासूबाईंना संध्याकाळी सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बाटलीचं झाकण लावायचं असतं, हे कुणी लिहिलंय का गं?"