घर मुलाच्या नावावर केलं... पुढे? अनुभव लिहा

निशिगंध_७
काल सोसायटीच्या बोर्डावर शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलल्याची नोटीस पाहिली आणि मामा आठवले. त्यांनी फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, मग 'आत्ताच उरकून टाकू' झालं. वर्षभरात मामांचा पलंग हॉलमधून बंद केलेल्या बाल्कनीत, प्लास्टिकच्या पडद्याआड. शेवटी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कलम २३ प्रमाणे घर परत मिळू शकतं, पण दस्तात सांभाळायची अट हवी. मामांच्या दस्तात फक्त 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी'. तिथेच गाडी अडली. समझोता झाला, मामा आता मामेबहिणीकडे असतात, मुलगा दरमहा पैसे पाठवतो.
तुमच्याकडे काय झालं? लिहा.

तिरपागडा
वाईट वाटलं वाचून. आमच्या दस्तात अट आहे. वकील म्हणाले, कशाला, मुलाला वाईट वाटेल. आई म्हणाली, वाटू दे. तो मुलगा मीच :)

कावेरी_के
@तिरपागडा आईंना नमस्कार सांगा!!

सदाफुली
मूलबाळ नसलेल्यांनाही अर्ज करता येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्या नातेवाइकाकडे इस्टेट आहे किंवा वारसाने जाणार आहे त्याच्यावर जबाबदारी येते. काकूंनी नुसता अर्ज लिहून ठेवला तर पुतणे फोन उचलायला लागले. पण कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,०००. चोवीस तासांची बाई येते का त्यात?

कावेरी_के
बाईचा विषय काढू नका. ब्यूरो दर थोड्या दिवसांनी नवीन पाठवतो, प्रत्येकीला औषधाचे डबे पहिल्यापासून समजवा. आत्ताच्या मावशी टिकल्यात कारण त्यांना आणि सासऱ्यांना एकच मालिका आवडते. डायपर बदलणं ब्रेकमध्ये.

तिरपागडा
=)) कोणती मालिका?

उंबरठा
आमचं जरा वेगळं. बाबांना डिमेन्शिया. कुलमुखत्यारपत्र होतं म्हणून आम्ही निवांत. पण देणाऱ्याला समज उरली नाही की ते संपतं, हे बँकेच्या काउंटरवर कळलं. खातं एकट्या बाबांचं, सही जुळेना. बाबा काउंटरवर बसून स्वतःचं नाव लिहायचे, दर वेळी आडनावाच्या आधी थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. शेवटी पालकत्वासाठी हायकोर्टात जावं लागलं. स्वतःच्याच वडिलांचं पालक व्हायला. ज्यांच्या आईवडिलांची समज अजून शाबूत आहे त्यांनी या आठवड्यात खाती जॉइंट करा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो, खातं चालवू शकतो. आणि मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. आम्ही तरीही आईचं नोंदवलं, डॉक्टरांचा दाखला जोडून.

सदाफुली
@उंबरठा काळजी घ्या. स्वतःचीही.

भटका_जीव
जरा अवांतर. हयातीचा दाखला फोनवर काढायचा तर डोळे मिचकवावे लागतात. अण्णा ऐन वेळी घट्ट मिटून बसतात. मी ओरडतो, ते म्हणतात, मी जिवंत आहे हे तुला दिसत नाही का! मात्र ७५ झाल्यापासून एसटी फुकट, घरी सापडत नाहीत.

कावेरी_के
:D रेल्वेची सवलत तेवढी मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच.

जुना_वाचक
@निशिगंध_७ जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथे मुलाने सांभाळायचं वेगळं लिहून दिलं होतं. मामांकडे असा काही कागद आहे का? आणि दस्त कायदा लागू झाल्यानंतरचाच ना? आधीचा असेल तर कलम २३ लागत नाही. घरात मारहाण, उपासमार असेल तर १४५६७ एल्डरलाइन, फोन फुकट.

निशिगंध_७
दस्त नंतरचाच आहे. कागदाचं मामेबहिणीला विचारते, मामांची एक पत्र्याची ट्रंक अजून त्या बाल्कनीतच आहे. बाकी रात्री लिहिते, कुकर लावायचाय.